घरचें विज्ञान : गुलाबी शेवाळ पांढरें कां पडलें?

नाशिकच्या एका वाचक-भगिनींनीं सात पृष्ठांचें पत्र पाठविलें आहे. पत्र लांब खरें, पण त्यांतील एकही ओळ फुकट नाहीं. वैद्यास रोग्याची हकीकत जितक्या तपशिलानें मिळेल तितकें निदान सोपें, आणि ह्या भगिनींनीं ती तशी दिली आहे. त्यांच्या घरीं खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय आहे. पेटी त्यांच्या आजेसासऱ्यांची. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षीं ते घराबाहेर फारसे पडत नाहींत. सकाळीं स्नानसंध्या आटोपली कीं तास-दीड तास पेटीसमोर खुर्ची टाकून बसणें हाच त्यांचा विरंगुळा. चौदा महिन्यांत पेटींतील खडकांवर व मागच्या काचेवर जांभळट-गुलाबी असें कठीण कवच चढलें होतें आणि आल्यागेल्यास तें दाखविण्यांत त्यांस मोठें समाधान वाटे. पुढें घरची मंडळी लग्नानिमित्त बारा दिवस परगांवीं जाऊन आली, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आंत तें कवच पांढरें फटक पडलें.

आतां घरांत पक्ष पडले आहेत. थोरले दीर म्हणतात, पाणीच नासलें आहे. खडक फेकून द्यावे आणि पुढील महिन्यांत पेटी मोडून टाकावी. दुकानदार म्हणतो, अमुक बाटलींतील औषध घाला, आठ दिवसांत रंग परत येईल. नणंदेच्या मुलानें प्रवासाच्या आदल्या दिवशीं जुन्या नळ्या काढून नवा एल. ई. डी. दिवा बसविला होता. तेव्हां तो अपराधी ठरून कोंपऱ्यांत बसला आहे. आजोबा कांहींच बोलत नाहींत. मात्र पेटीसमोर बसावयाचें त्यांनीं सोडलें आहे, असें पत्राच्या शेवटीं एका ओळींत लिहिलें आहे. त्या एका ओळीमुळें आम्हीं उत्तर टपालानें तात्काळ धाडलें. पण असाच प्रश्न आणखी दोघां-तिघां वाचकांनीं विचारला असल्यामुळें तें येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम हें कवच म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजींत ह्यास कोरलाइन अल्गी म्हणतात. आपण प्रवाळशेवाळ म्हणूं. हें तांबड्या शेवाळांच्या वर्गांतील आहे. इतर शेवाळें मऊ व बुळबुळीत असतात, हें मात्र आपल्या पेशींच्या भिंतींत चुनखडी भरून दगडासारखें कठीण होतें. ह्या कठीणपणामुळें भलेभले फसले. १७५५ सालीं इंग्लंडांतील जॉन एलिस ह्यानें ह्याच्यावर ग्रंथ लिहिला आणि हे प्राणीच होत असें प्रतिपादन केलें; लिनीअसनेंही त्यांस प्राण्यांच्याच पंक्तीस बसविलें. १८३७ सालीं फिलिप्पी ह्या जर्मन शास्त्रज्ञानें ह्यांस वनस्पति म्हणून ओळखलें. पॅसिफिक महासागरांतील फुनाफुटी बेटावर रॉयल सोसायटीनें १८९६ ते १८९८ ह्या वर्षांत खोल वेध घेतले, आणि १९०४ सालच्या अहवालांत प्रवाळद्वीप रचणाऱ्या कारागिरांत ह्या शेवाळाचें स्थान फार वरचें ठरलें. कोंकणांत मालवण-रत्नागिरीकडे ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबक्यांत हीं शेवाळें ज्यानें पाहिलीं नसतील असा समुद्राकांठचा मुलगा विरळा. तीं शेवाळें आहेत हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

घरांतील मुलांनीं एक गोष्ट करून पाहावी. पांढऱ्या पडलेल्या कवचाचा नखाएवढा तुकडा पेटीबाहेर काढून बशींत ठेवावा व त्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावे. बुडबुडे येतात. चुनखडीवर आम्ल पडलें म्हणजे कर्बद्विप्राणिद वायु सुटतो, तोच हा. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक अशी कीं, जें पांढरें दिसतें तें कुजलेलें किंवा विषारी असें कांहीं नसून मागें राहिलेलें चुन्याचें घर आहे. जीव गेला, रंग गेला, भिंती उभ्या आहेत. दुसरी अशी कीं, ज्याचें घरच चुन्याचें, त्याला पाण्यांतील चुन्याची व अल्कतेची चणचण प्रथम जाणवावयाची.

आतां निदान. ह्या रोगांत नाडी पाहावयाची ती पाण्याची नव्हे, आधीं पांढऱ्या डागांच्या आकाराची. बहुतेक लोक पहिल्या झटक्यास परीक्षेच्या कुप्या काढून पाण्यांत थेंब मोजूं लागतात. तें नंतर करावें. प्रथम विजेरी घेऊन खडकांच्या खालच्या बाजू, कपारी आणि सांवलींतले कोंपरे पाहावे. वरचा भाग पांढरा व खालचा गुलाबी असेल तर कारण वरून आलें, म्हणजे प्रकाशांतून. वर-खालीं, उजेडांत-अंधारांत सर्वत्र सारखेंच पांढरें झालें असेल तर कारण पाण्यांत आहे. कारण पाणी सर्वत्र एकच असतें. पांढऱ्या रेघोट्या, ओरखडे किंवा नागमोडी पट्टे असतील तर तो रोगच नव्हे. सागरी साळू किंवा कांहीं गोगलगाई रात्रीं चरून गेल्याची ती खूण होय. पाण्याच्या पृष्ठाशीं आडवा सरळ पट्टा असेल तर तेवढा भाग उघडा पडून वाळला असला पाहिजे. आणि गुलाबी ठिपक्याची केवळ कडाच पांढुरकी असेल तर काळजी न करतां उलट आनंद मानावा. वाढत्या ठिपक्याची कड पुष्कळदां फिकीच असते. हें शेवाळ आपली सर्वांत वरची पातळ कात मधून मधून टाकतें, तेव्हां बारीक पापुद्रे सुटलेले दिसले म्हणूनही कोणी घाबरूं नये.

नाशिकच्या पत्रांतील वर्णन ह्या कसोटीस लावून पाहूं. भगिनी लिहितात कीं, खडकांचे माथे व मागची काच पांढरी झाली आहे, ‘परंतु मोठ्या खडकाच्या पोटाशीं अजून गुलाबी दिसतें’. ह्या वाक्यानें निम्मा निकाल लागला. पाणी नासलें असतें तर खडकाच्या पोटाशीं असलेलें शेवाळ वांचलें नसतें. थोरल्या दिरांचें म्हणणें येथेंच पडतें.

दिव्यावर संशय येतो तो ह्यामुळें. प्रवाळशेवाळ हें मंद उजेडांत राहण्यांत मोठें तरबेज आहे. १९८४ सालीं बहामाजमधील सान साल्व्हादोर बेटाजवळ पाणबुडींतून उतरलेल्या शास्त्रज्ञांस २६८ मीटर खोलीवर ह्याच जातीचें शेवाळ वाढतांना आढळलें. तेथें पृष्ठभागावरील उजेडाचा जेमतेम दोन लक्षांश भाग पोहोंचतो. उजेडांत वाढणाऱ्याही ह्याच्या जाती आहेत, पण जें ज्या उजेडांत वाढलें त्यास तोच मानवतो. चौदा महिने जुन्या नळ्यांच्या पसरट व दिवसेंदिवस मंद होत चाललेल्या उजेडांत राहिलेल्या शेवाळावर एका दिवसांत भिंगें लावलेला, एकवटलेला प्रखर झोत पडला. त्याच्या अंगचा रंग तो भार सोसूं शकला नाहीं. दिवा वाईट नाहीं. नणंदेच्या मुलानें बसविला तोही चांगलाच बसविला. तो अंगवळणी पडण्यास महिना-दीड महिना द्यावयास पाहिजे होता, आणि हें कोणत्याही दिव्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलें नसतें.

तथापि मागच्या काचेचें काय? काचेच्या अगदीं वरच्या टोंकास दोन बोटें रुंदीचा पट्टा फार पांढरा असून हातानें घासतां सुटतो, असें पत्रांत आहे. तो दिव्याचा प्रताप नव्हे. पेटी १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आहे. दोन बोटें म्हणजे सुमारें ४ सेंटिमीटर धरलें तर बारा दिवसांत २१ लिटरांहून थोडें अधिक पाणी उडून गेलें. घरीं परीक्षेच्या अभ्यासासाठीं राहिलेल्या मुलीनें माशांस नेमानें खाणें घातलें, पण पाणी भरावयाचें तिला कोणी सांगितलेंच नव्हतें. उघडा पडलेला पट्टा वाळून मेला. कोंकणच्या किनाऱ्यावरही हें शेवाळ डबक्यांत व ओलसर कपारींतच सांपडतें, त्याचें कारण हेंच.

येथें आणखी एक हिशेब करणें जरूर आहे, कारण तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पाणी उडतें तेव्हां मीठ उडत नाहीं. पेटींत खडक व वाळू वगळून पाणी सुमारें २०० लिटर. त्यांतून २१ लिटर उडालें म्हणजे हजारीं ३५ असलेला खारटपणा ३९ वर गेला. मंडळी परत आल्यावर घाईघाईनें तितकेंच गोडें पाणी एका दमांत ओतलें गेलें, आणि खारटपणा तासाभरांत पुन्हां ३५ वर आला. माशांनीं व खडकाच्या पोटाशीं असलेल्या शेवाळानें हा हिसका सोसला, हें नशीब. असें तुटीचें पाणी दोन-तीन दिवसांत थोडें थोडें भरावें. आणि तें नेहमीं गोडेंच भरावें. खारें पाणी घालून तूट भरूं नये, नाहींतर मीठ सांचत जातें.

भगिनींनीं पाण्याचे आंकडेही कळविले आहेत. विशिष्ट गुरुत्व १.०२६, उष्णमान २६ अंश, कॅल्शियम दर लिटरांत ४०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३००. हे सर्व समुद्राच्या पाण्याशीं जुळतात. अल्कता मात्र ६ जर्मन अंश आहे. ती थोडी उणी. अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचविण्याची शक्ति. शिंपा, प्रवाळ व प्रवाळशेवाळ आपलें घर बांधतांना चुना आणि अल्कता दोन्ही खर्च करतात. ह्या खर्चाचें प्रमाण ठरलेलें आहे: अल्कता २.८ अंशांनीं उतरते तेव्हां कॅल्शियम लिटरामागें अवघें २० मिलिग्रॅम उतरतें. म्हणून कॅल्शियमचा आंकडा ठीक दिसत असतांही अल्कता खालावलेली असूं शकते. घरगुती पेटींत ती ७ ते ९ च्या दरम्यान, आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी.

ती वाढविण्यास दुकानाची बाटली नको. स्वयंपाकघरांतील खाण्याचा सोडा पुरतो. मात्र सोडाच घ्यावा, केक फुगविण्याची बेकिंग पावडर नव्हे. तींत आम्ल मिसळलेलें असतें. २०० लिटर पाण्याची अल्कता १ अंश वाढविण्यास ६ ग्रॅम सोडा लागतो. ६ वरून ८ वर जावयाचें म्हणजे १२ ग्रॅम. तो रोज ३ ग्रॅमप्रमाणें चार दिवसांत, पेलाभर गोड्या पाण्यांत विरघळवून, पाणी खेळतें असेल तेथें हळूहळू ओतावा. चमच्याचा अंदाज कामाचा नाहीं, लहान तराजू वापरावा. सोडा घालण्यापूर्वीं परीक्षेच्या कुपीवरील मुदतीची तारीख पाहून घ्यावी, कारण मुदत टळलेल्या रसायनानें चुकीचा आंकडा येतो आणि मग नसलेल्या रोगावर औषध होतें. पुढेंमागें कॅल्शियमही घालण्याची वेळ आली तर तें व सोडा एकाच वेळीं एका जागीं ओतूं नये. दोघांची गांठ पडली कीं पाणी दुधासारखें होतें आणि घातलेला सारा माल चुनखडी होऊन तळाशीं बसतो.

पत्रांतील एका वाक्यानें मात्र आम्ही दचकलों. पेटींत भरण्याचें पाणी गाळणयंत्रांतून काढून तांब्याच्या हंड्यांत सांठविलें जातें, कारण ‘घरांत तेंच शुद्ध मानतात’. पिण्याच्या पाण्यास तांब्याचें भांडें आपल्याकडे परंपरेनें चालत आलें आहे, त्यास आमची हरकत नाहीं. पण समुद्रांतील शेवाळें, गोगलगाई, झिंगे, प्रवाळ ह्यांस तांबें हें विष होय. माशांच्या कांहीं रोगांवर तें औषध म्हणून देतात तेव्हांही मासे वेगळ्या भांड्यांत काढून देतात तें ह्याचसाठीं. हंड्यांतील पाण्यांत उतरणारें तांबें अत्यल्प असतें खरें. पण पाणी उडून जातें आणि तांबें मागें राहतें. दुसऱ्या दिवशीं नवें पाणी थोडें नवें तांबें घेऊन येतें. चौदा महिने हा क्रम चालला. पेटींतील गोगलगाई अजून धडधाकट फिरत आहेत, त्याअर्थीं प्रस्तुतच्या हानीचा दोष तांब्याकडे जात नाहीं. तरीही हंडा आजच बाजूस करावा आणि पाण्यासाठीं काचेचें किंवा खाद्यपदार्थांच्या प्लॅस्टिकचें झांकणाचें भांडें ठेवावें. पितळेचा पंचपात्रीएवढा तुकडासुद्धां पेटीच्या पाण्यांत बुडूं देऊं नये.

गाळणयंत्राविषयींही एक शब्द. आपल्या घरांतील आर. ओ. यंत्रें पिण्यासाठीं केलेलीं. पुष्कळांत गाळलेल्या पाण्यांत थोडें न गाळलेलें पाणी किंवा क्षार परत मिसळण्याची सोय असते. माणसास तें रुचकर लागतें, पण पेटीस तेंच क्षार, फॉस्फेट आणि नायट्रेट हळूहळू पोहोंचवितें. यंत्र दुरुस्त करावयास येणाऱ्या माणसाकडून मिसळणीच्या आधीं पाणी काढून घेण्याची तोटी बसवून घेतां येते. फॉस्फेट फार झालें म्हणजे चुना बसण्यास अडथळा येतो आणि मऊ हिरवें शेवाळ गुलाबी कवचास झांकून टाकतें. ही मरणाची वाट संथ असते, पंधरवड्याची नव्हे.

ज्या वाचकांच्या पेटींत वर-खालीं सर्वत्र पांढरें पडलें आहे त्यांनीं अल्कता व खारटपणा ह्यांबरोबर उष्णमान पाहावें. एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली कीं बंद खोलींतील पेटी ३० अंशांच्या वर सहज जाते. पृष्ठावर पंख्याचा वारा सोडावा. त्यानें पाणी थंड होतें, पण उडतेंही भराभर, म्हणून त्या दिवसांत तूट रोज दोनदां भरावी. मॅग्नेशियम ११०० च्या खालीं गेलें असेल तर चुना व अल्कता कितीही घाला, टिकत नाहीं. अशा वेळीं चांगल्या सागरी मिठाचें पाणी करून दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलणें हा सर्वांत निर्धोक उपाय होय.

आतां नाशिकच्या पेटीस काय करावें? खडक फेकूं नयेत. पांढरें कवच खरवडूं नये. नवें शेवाळ जुन्या चुन्यावर उत्तम धरतें. ‘गुलाबी बाजू वर करावी म्हणजे निदान दिसावयास तरी बरी’ अशी कल्पना घरांत निघाली आहे, ती तर मुळींच अमलांत आणूं नये, कारण जें वांचलें आहे त्यालाच मग त्याच झोतांत बसावें लागेल. दिवा निम्म्या तेजावर आणून रोज सहा तासच लावावा व दर आठवड्यास थोडथोडा वाढवीत पांच-सहा आठवड्यांनीं पूर्वपदावर न्यावा; तेज कमी करण्याची कळ नसल्यास तो हातभर उंच टांगावा. काचेवर पाण्याच्या रेषेशीं बाहेरून कागदाची पट्टी चिकटवावी, म्हणजे घरीं मागें राहणाऱ्या कोणासही तूट दिसेल. पहिले दोन-चार दिवस अमोनियाची परीक्षा करावी. मधल्या काळांत पांढऱ्या भागावर हिरवट थर येईल. तो गोगलगाईंस खाऊं द्यावा.

बाटलीविषयीं आमचें मत विचारलें आहे. तींत बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम व किंचित् आयोडीन असतें. पहिल्या दोहोंची येथें उणीव नाहीं आणि तिसऱ्यानें मेलेलें शेवाळ उठत नाहीं. रुपये वांचवावे. किनाऱ्यावरून खडक आणण्याचा कोणाचा बेत असल्यास तोही सोडावा; जिवंत खडकाबरोबर प्रवाळ येतें, आणि खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांस वन्यजीव कायद्यान्वयें २००१ पासून वाघाच्या बरोबरीचें संरक्षण आहे. बीं बाहेरून आणावयास नकोच. खडकाच्या पोटाशीं असलेलें शेवाळ बीजुकें सोडीत असतें. हवें तर त्यांतील चिमूटभर कवच बोथट पातीनें खरवडून पाण्याच्या प्रवाहांत सोडावें.

नवे ठिपके दिसूं लागण्यास महिना-दोन महिने लागतील. ते टांचणीच्या टोंकाएवढे, गडद तांबडे किंवा जांभळे असतात, आणि ऐन उजेडांत न येतां आधीं सांवलीच्या बाजूस येतात. आजोबांजवळ वाचावयाचें भिंग असेलच. तें घेऊन त्यांनीं मागच्या काचेचा खालचा भाग, मोठ्या खडकाच्या डाव्या-उजव्या कडा आणि गोगलगाईंचीं पाठकवचें ह्या क्रमानें रोज सकाळीं पाहावीं.